बिनवाटणीच्या ताराक्का

ताराक्कांच्या बाकड्यावर बसायचं असेल, तर आपण कुठल्या नात्यानं बसतोय हे आधी सांगावं लागतं.

बेळगावच्या खासबागेत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायला आले, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. सामान वर चढवून जीव मेटाकुटीला आला होता. व्हरांड्यात एक लांबलचक सागवानी बाकडं दिसलं, म्हणून टेकले. तेवढ्यात आतून आवाज आला,

"कुठल्या नात्यानं बसलीस?"

मी दचकून उठले. दारात सत्तरी ओलांडलेली, काटकुळ्या अंगाची एक बाई उभी होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात अर्धवट सोललेला दोडका.

"मी... भाडेकरू. वरची. सुजाता."

"भाडेकरूला वरच्या दोन खोल्या, मोरी, आणि गच्चीत कापडं वाळत घालायचा हक्क. बाकडं करारात न्हाय."

"सॉरी, मला वाटलं—"

"ऊठ म्हटलं न्हाय मी. नातं विचारलं. मालकी नसंल, वहिवाट नसंल, तर परवानगीनं बसायचं. दिली परवानगी. ती कधीबी काढून घेता येती, ध्यानात ठेव. चहात साखर किती?"

अशी आमची ओळख झाली. परवानगी त्यांनी आजतागायत काढून घेतलेली नाही, पण दर दिवाळीला 'चालू हाय बरं का' असं सांगून ती नवी करून देतात.

ताराक्का म्हणजे दिवाणी वकील. उभी हयात त्यांनी वाटणीचे दावे चालवले. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत भावाभावांची शेतं, घरं, विहिरी, गोठे, एकदा तर देवघरातला गणपतीसुद्धा त्यांनी कोर्टात वाटून दिला होता. गणपती सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं. "आणि उंदीर?" मी विचारलं. "उंदीर गणपतीला आनुषंगिक. त्याच्या मागनं जातोय," ताराक्का म्हणाल्या. हे बाकडंही कोर्टाच्या जुन्या सामानाच्या लिलावातलं. त्यांच्या म्हणण्यानं निम्म्या तालुक्यातले भाऊ ह्या बाकड्यावर एकमेकांकडं पाठ करून बसून गेलेत.

मी निपाणीची. आजी तंबाखूच्या वखारीत राबायची, वडील शाळेत शिपाई होते, आणि मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घरात वाटायला कधी काही नव्हतं, त्यामुळं भांडायलाही नव्हतं. मालमत्ता हा विषय मला परदेशी सिनेमासारखा. कळायचं काही नाही, पण बघत राहावंसं वाटायचं. ताराक्कांना हे अज्ञान सहन होईना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं,

"निपाणीत तुमचं काय हाय?"

"काही नाही. दोन खोल्यांचं घर."

"कुणाच्या नावावर?"

"आमच्याच असेल."

"मोघम बोलायचं न्हाय. 'आमच्या' म्हंजे कुणाच्या? फोन लाव आईला."

मी फोन लावला. "आई, आपलं घर कुणाच्या नावावर आहे?"

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला. मग आई हळूच म्हणाली, "का गं? कोण बघाय येणार हाय व्हय तुला?"

घर अजून आजोबांच्याच नावावर होतं, आणि आजोबांना जाऊन माझ्या आयुष्याएवढी वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाच्या घरात आम्ही सगळे राहत होतो म्हणायचं. ताराक्कांनी माझ्या आत्या, काका, चुलतभावंडं सगळी एकेक करून मोजायला लावली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वारसांची नावं लागली. त्यात, वडील हयात नसल्यामुळं, माझंही होतं. आईनं पेढे वाटले. त्या दोन खोल्यांत माझ्या वाट्याला फार तर एक खिडकी येत असेल, पण मी निपाणीला गेले की त्या खिडकीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघते.

ताराक्कांना सगळं जग ह्याच चष्म्यातून दिसायचं. गल्लीत एक पिवळी मांजर होती. सकाळचं दूध आमच्याकडं, दुपारची भाकरी यंत्रमागवाल्या मल्लाप्पांकडं, संध्याकाळी समोरच्या गुरुजींकडं. ती मल्लाप्पांच्या सुताच्या पोत्यावर व्याली, आणि पिल्लं कुणी सांभाळायची ह्यावरून मल्लाप्पा आणि गुरुजी तावातावानं व्हरांड्यात आले. ताराक्कांनी दोघांना परवानगीनं बसवलं. निकाल असा, की मांजर तिन्ही घरांची सामाईक, पिल्लं म्हणजे सामाईक मिळकतीचं उत्पन्न, आणि पोती खराब झाली हा मल्लाप्पांचा वेगळा दावा, तो मांजरीवर लावावा. मल्लाप्पा हसत सुटले. गुरुजींना मात्र निकाल इतका पटला की ते एका पिल्लाला 'माझा हिस्सा' म्हणूनच हाक मारायला लागले.

खरी रंगत यायची ती कुणी सल्ला विचारायला आलं की. वकिली सोडली होती, पण माणसं सुटली नव्हती. एकदा एक नवं जोडपं आलं. दोघंही नोकरीवाली, टिळकवाडीत फ्लॅट बघत होती. मुलगा म्हणाला, "आक्का, विशेष काही नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायचाय, एवढंच."

"एवढंच?" ताराक्कांचा चष्मा वर गेला. "दोघांच्या नावावर कसं? लई तऱ्हा हायत."

त्या आत गेल्या आणि कुंद्याची, म्हणजे बेळगावी खव्याच्या मिठाईची, एक वाटी आणि दोन चमचे घेऊन आल्या. जोडप्याला वाटलं, पाहुणचार.

"एक वाटी, दोन चमचे. खावा. ह्यातला तुझा कुंदा कुठला, हिचा कुठला, सांगता येतंय? न्हाय येत. आणि कागदात लिहिलं, की मागं राहील त्याचं सगळं, तर एकजण गेला की..." त्यांनी मुलाच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला, "...सगळी वाटी हिची."

मुलीनं आपला चमचा खाली ठेवला.

"आता दुसरी तऱ्हा." दुसरी वाटी आली, कुंदा दोन्हींत वाटला गेला. "घर एकच. मधी भिंत घालायची न्हाय. पण हिस्सा ठरलेला. निम्मा-निम्मा लिवा, न्हायतर कमी-जास्त लिवा. आपला हिस्सा ज्याला द्यायचा त्याला द्या. आता, मृत्युपत्र न करता तू गेलास..." मुलगा ह्या पाच मिनिटांत दुसऱ्यांदा गेला होता, "...तर तुझी वाटी आपसूक हिच्याकडं जात न्हाय. वारसांकडं जाती. ही, तुमची पोरंबाळं, आणि तुझी आई."

"आई पण?" मुलगी म्हणाली.

"आई बी. बरोबरीनं."

"माझ्या आईला कुंदा आवडत नाही," मुलगा घाईनं म्हणाला.

ताराक्का त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तिसरी तऱ्हा, एकत्र कुटुंबाची. ती तुम्हाला लागू न्हाय, पण ऐकून ठेवा. ती म्हंजे वाटी न्हवं, चुलीवरचं पातेलं. घरात पोर जन्मलं की सगळ्यांचा वाटा जरा जरा कमी होतोय. वाटणी मागंपर्यंत कुणाचं किती, ते पातेल्यालाबी म्हाईत नसतंय. पूर्वी पोरींना त्या पातेल्याजवळ बसू देत नव्हते. नुसतं रांधू देत होते. आता कायदा बदललाय. आता पोरगीबी जन्मल्या-जन्मल्या पातेल्याची धनीण."

हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला. जोडप्याला सल्ला मिळाला: "दोन वाट्या घ्या, एका ताटात ठेवा." फ्लॅट घेतला की नाही मला माहीत नाही. अधूनमधून दोघं स्कूटरवरून जाताना दिसतात. मुलगी मागं बसून त्याला घट्ट धरून असते. तो दोनदा जाऊन आला ना.

पण ताराक्कांची आणखी एक वेळ होती, आणि ती मला सगळ्यांत आवडायची. दुपारी कधी वीज गेली की खासबागेतले माग एकदम थांबतात. दिवसभर कानात खटखटाट भरलेला असतो, तो गेला की गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. पलीकडच्या गल्लीतली खोकल्याची उबळसुद्धा ऐकू येते. अशा वेळी ताराक्का बाकड्यावर पाय वर घेऊन बसायच्या, डोळे अर्धे मिटून.

"ही शांतता कुणाच्या नावावर गं, सुजाता?"

"बेवारस."

"चुकलीस. बेवारस कायबी नसतंय. सामाईक म्हण."

मग त्या जांबोटीच्या गोष्टी सांगायच्या. त्यांचं माहेर जांबोटीच्या पुढं, रानाला लागून. मोठा भाऊ, त्याला त्या अण्णा म्हणायच्या. लहानपणी भाताची कापणी झाली की सकाळी खाचरांत धुकं साचायचं. ही दोघं भावंडं काठी घेऊन धुक्याची वाटणी करायची. फणसाच्या ह्या अंगाचं अण्णाचं, त्या अंगाचं तारीचं. ऊन चढलं की दोघांचे हिस्से संपायचे, आणि दोघं हातात काठी घेऊन उघड्या रानात उभी राहायची.

"तेवढी एकच वाटणी बघितली मी," ताराक्का म्हणायच्या, "जिच्यात भांडण झालं न्हाय."

माग पुन्हा सुरू व्हायचे. त्या डोळे उघडायच्या, आणि मला भाजी निवडायला बसवायच्या. भाजी निवडणारीचा भाजीत हिस्सा असतो, ह्या तत्त्वावर.

मला फार उशिरा कळलं, की एवढ्या घरांच्या वाटण्या करून देणाऱ्या ताराक्कांची स्वतःची वाटणी कधी झालीच नव्हती. त्यांनी लग्न केलं नाही. वडील गेल्यावर गावातल्या लोकांनी सांगितलं, तारी बेळगावात वकील झालीय, तिला काय कमी, तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्या. अण्णांनी घेतलं नाही. निम्मं शेत अण्णांचं, निम्मं ताराक्कांचं, पण निम्मं म्हणजे कुठलं, हे दोघांनीही कधी ठरवलं नाही. अण्णा कसायचे, भात झालं की पोतं घेऊन स्वतः एसटीनं यायचे, बाकड्यावर बसायचे. त्यांना नातं विचारलं जायचं नाही. मी आले त्याच्या आदल्याच वर्षी अण्णा गेले.

मागं दोन मुलगे. थोरला परशुराम गावात शेती आणि जनावरं बघायचा. धाकटा बाळू बेळगावात एका कारखान्यात कामाला. सुट्टीला गावी जायचा, आणि आता रानाच्या कडेला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायचं त्याच्या मनात होतं. बाप गेल्यावर दोघांनी तोंडी वाटणी करून मधे एक बांध घातला होता. तो बांध परशुरामानं हातभर सरकवला, असं बाळूचं म्हणणं. बाळूनं त्यावर दगड टाकून ठेवले, असं परशुरामाचं. बोलणं बंद झालं होतं.

कागदोपत्री मात्र जमीन अजून आत्तीबरोबर, म्हणजे आत्याबरोबर, सामाईक होती. त्यामुळं वीज घ्यायची, कर्ज काढायचं, काहीही करायचं झालं तरी ताराक्कांची सही लागायची. सहीसाठी भाचे यायचे, एकेकटे. आणि ताराक्कांची सही मिळवणं म्हणजे मोठं प्रकरण होतं.

आधी जेवायला बसवायच्या. मग घरातल्या एकेका माणसाची, म्हशीची, फणसाची चौकशी. मग चष्मा सापडायचा नाही. तो नाकावरच असायचा. मग कागद वाचायला सुरुवात, आणि हमखास चूक. "हे बघ, इथं 'राहणार'च्या पुढं टिंब न्हाय. असलं कागद साहेब तोंडावर फेकंल. दुरुस्त करून आण जा." भाचा पुढच्या आठवड्यात पुन्हा जेवायला. तेव्हा पेन चालायचा नाही.

एकदा परशुराम असा ताटकळून बसला होता. त्याच्या परतीच्या बसची वेळ होत आलेली. ताराक्का बंद पडलेला पेन झटकत होत्या. मला दया आली, मी पर्समधला पेन काढून पुढं केला. ताराक्कांनी माझ्याकडं जो कटाक्ष टाकला, तो बहुतेक त्यांनी कोर्टात फुटलेल्या साक्षीदारांसाठी राखून ठेवलेला असावा. सही झाली. परशुराम धावत बस पकडायला गेला. ताराक्कांनी माझा पेन टोपण लावून परत माझ्या पर्समध्ये घातला.

"माझ्या घरात," त्या म्हणाल्या, "दुसऱ्यानं पेन काढायचा न्हाय."

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी दोघं भाऊ एकाच वेळी येऊन थडकले. ठरवून नाही, एकमेकांना बघून दोघांचेही चेहरे पडले. बाकड्याच्या ह्या टोकाला परशुराम बसला, त्या टोकाला बाळू. मधे इतकी जागा, की एक आख्खं खटलं बसलं असतं. मी जायला उठले, तर ताराक्का म्हणाल्या, "बस. साक्षीदार लागतोय."

"आत्ती," परशुराम जमिनीकडं बघत म्हणाला, "आता वाटणी करून टाकूया. कागदावर. ह्येच्यासंगं सामाईकात ऱ्हायचं न्हाय मला."

"मला तर लईच हौस हाय," बाळू रस्त्याकडं बघत म्हणाला. "आत्ती, मोजणी करून दगड रोवून टाकूया. तुझा हिस्सा तुला, आमचा आमाला. एकदाचं मोकळं."

ताराक्कांनी कधी कुणाला वाटणीला नाही म्हटलं नव्हतं. वाटणी मागणं हा हिस्सेदाराचा हक्क, हे वाक्य त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बरं." त्यांनी जेवायचा आग्रह केला नाही. चष्माही हरवला नाही. भाचे आले तसे दोन वेगळ्या बाजूंना गेले.

संध्याकाळी मी खाली आले, तर दिवा लावला नव्हता. त्या बाकड्यावर बसल्या होत्या.

"तुला वाटत असंल," त्या म्हणाल्या, "म्हातारीला जमिनीचा लोभ हाय."

"नाही वाटत."

"हाय की लोभ. पण जमिनीचा न्हवं. सामाईक असलं की सही लागती गं. सही लागती म्हणून माणूस घरला येतंय. घरला आलं की जेवतंय, म्हशीला काय झालं ते सांगतंय. वाटणी झाली की माझ्या सहीचं काय काम? लोकांच्या वाटण्या करताना मी बघितलंय. निकाल लागतोय, कागद हातात पडतोय, आणि बाकड्यावरनं उठून दोघं दोन दारांनी जातात. परत येत न्हाईत. कशाला येतील?"

मी आतून त्यांची शाल आणून दिली.

"आणि माझ्यावाचून त्येंचं अडणार न्हाय, त्येचंबी एवढं वाईट वाटत न्हाय," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "पर त्यो बांध. निम्मी वकिली माझी बांधांवर झाली. बांधाला दोन बाजू असतात, आणि दोन्हीकडनं खणतात. परशाची पोरगी आणि बाळ्याची पोरगी सुट्टीत गावात असल्या तरी एकमेकींच्या अंगणात जात न्हाईत म्हणं. चुलत बहिणी. एवढ्याएवढ्या."

त्यांनी अंधारात हातानं उंची दाखवली.

मोजणीचा दिवस ठरला. ताराक्कांनी मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. सकाळच्या बसनं जांबोटीला उतरलो, आणि पुढं चालत. भात कापून झालं होतं. दोन्हीकडं पेंढ्या रचलेल्या, रानातून ओलसर पानांचा वास येत होता. धुकं अजून उतरलं नव्हतं. चालताना आपण कुठं चाललोय ते कळत नव्हतं, नुसते पाय पुढं पडत होते. ताराक्का काठी टेकत पुढं. एका ठिकाणी थांबल्या, हवेत काठी जराशी फिरवली, आणि परत चालू लागल्या.

शेतावर सगळे जमले होते. ह्या बाजूला परशुरामाचं घर, अण्णांचंच जुनं. त्या बाजूला बाळूनं बांधलेलं नवं. मधे खाचरं, रस्त्यापासून खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. दोन्ही घरांच्या दारांत दोघांच्या बायका उभ्या, पदराआड एकेक मुलगी. मोजणीवाले साहेब धारवाडकडचे होते. त्यांनी नकाशा पसरला आणि ताराक्कांना नमस्कार करून कन्नडमध्ये विचारलं,

"निम्म पालु एल्ली, अम्मा?" तुमचा हिस्सा कुठं?

परशुराम आणि बाळू दोघंही श्वास धरून उभे. निम्मं शेत आत्तीचं. ती ह्या बाजूचं धरणार की त्या बाजूचं, ह्यावर एकाचं घर नाहीतर दुसऱ्याचं घर तिच्या हिश्श्यात जाणार होतं.

"आधी हे दोघं सांगू देत," ताराक्का म्हणाल्या. "माझा हिस्सा किती?"

"निम्मा, आत्ती."

"मेहेरबानी म्हणून का हक्क म्हणून?"

"हक्क म्हणून," दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनी तोंडं फिरवली.

"ही सगळी ऐकायलीत न्हवं? बायांनीबी ऐकलं न्हवं?" दारातल्या सुनांनी माना हलवल्या. "मग माझ्या निम्म्यातनं मला पायजे ते मी घेणार. उरलं ते मी माझ्या हातानं दोघांना देणार." त्या साहेबांकडं वळल्या. काठी उचलून त्यांनी रस्त्यापासून ओढ्यापर्यंत हवेत एक सरळ रेघ ओढली.

"नडुवे," त्या म्हणाल्या. मधोमध.

बैलगाडी आरामात जाईल एवढी रुंद, आणि शेताइतकी लांब. वर रस्ता, खाली ओढ्याचं पाणी, आणि दोघा भावांच्या मधून गेलेली ती पट्टी. भांडणाचा तो बांध बरोबर तिच्या पोटात येत होता.

"आत्ती, ह्या पट्टीत काय पिकणार?" परशुराम म्हणाला.

"कायबी न्हाय पिकणार. ही वाट हाय. तू पाण्याला जाशील तर माझ्यातनं जाशील. ह्यो रस्त्याला येईल तर माझ्यातनं येईल. दोघांनाबी वाटेचा हक्क लिहून देते, कायमचा. आणि बांध तुमच्यात उरला न्हाय आता. तुझ्या शेजारी मी. ह्येच्या शेजारीबी मी. सरकवायचाच तर माझ्याकडं सरकवा. म्हातारीच्या रानात किती घुसता बघूया."

बाळू म्हणाला, "एवढं सोडलंस आत्ती आमच्यासाठी?"

ताराक्कांनी काठी दाणकन जमिनीवर आपटली. "मोघम बोलायचं न्हाय! सोडलं म्हणायचं न्हाय. आयुष्यभर पोरीबाळींना सांगितलं, हक्क सोडू नका. मी सोडला न्हाय, मी निवडला. आणि आणिक एक ऐका. माझ्या मागं ही पट्टी तुमच्या दोघांच्या पोरींची. दोघींची मिळून, बिनवाटणीची. तसं लिहून ठेवणार हाय मी. मोठ्या झाल्या की त्येंचं त्या बघतील. पर काय करायचं झालं तर एकमेकींशी बोलाय लागंल त्यास्नी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि माणसांना साखळी धरायला सांगितली. साखळीचं एक टोक परशुरामानं उचललं. दुसरं टोक धरायला माणूस कमी पडत होता. थोडा वेळ ते तसंच चिखलात पडून राहिलं. मग बाळूनं चपला काढल्या आणि जाऊन ते उचललं. दोघं भाऊ दिवसभर साखळी ताणून चालत होते. 'ओढ', 'सोड', 'जरा इकडं' एवढंच बोलत होते, पण बोलत होते.

दुपारनंतर दगड रोवले गेले. साहेब गेले, जमलेली माणसं पांगली. भाऊ आपापल्या घरी हातपाय धुवायला गेले. ताराक्का मात्र आपल्या पट्टीत, पेंढ्यांच्या एका ढिगाला टेकून बसल्या. मी शेजारी बसले. इथं नातं कुणी विचारलं नाही. ऊन खाली उतरून पिवळं झालं होतं. ओढ्याचा आवाज येत होता. लांब कुठंतरी गुरं घरी परतत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा जवळ आल्यासारख्या वाटायच्या आणि पुन्हा लांब जायच्या. ताराक्का हातानं मातीवरचं धसकट उपटत होत्या. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, एवढी मोठी वकील, आता उठून कुठल्या घराकडं जायचं हे हिला ठरवता येत नाहीये. पट्टीवर छप्पर नव्हतं. शेवटची बसही निघून जायची वेळ होत आली होती.

"निघायचं का आपण?" मी हळूच विचारलं.

त्यांनी आणखी एक धसकट उपटलं.

तेवढ्यात ह्या बाजूच्या घरातून परशुरामाच्या बायकोचा आवाज आला, "आत्तीऽऽ, चहा ठेवलाय, या!" आणि तो विरतोय तोवर त्या बाजूनं बाळूच्या मुलीचा, बारीक आणि लांब ओढलेला, "आत्तीआज्जीऽऽ, आई बोलावतीयाऽऽ! आमच्यात ऱ्हायचंय म्हणं आज!" लगेच ह्या बाजूची मुलगी दारात आली आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, "न्हाय, आमच्यातऽऽ!"

ताराक्का हलल्या नाहीत. चष्मा त्यांनी काढून पदरात धरला होता, आणि दोन्ही घरांच्या मधे, समोर ओढ्याकडं बघत होत्या.

"ताराक्का," मी म्हणाले, "दोन्हीकडनं हाका मारतायत."

"ऐकू येतंय गं," त्या म्हणाल्या. "अजून जरा मारू देत."